वजन उतरताना – भाग ७ : पोतं पुन्हा पाठीवर कधी?

मागच्या भागात वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा आहार पाण्यापासून भाकरीपर्यंत कसा सरकतो ते पाहिलं. आता घर चालवणाऱ्या माणसाचा प्रश्न घेऊ: कामावर कधी जायचं? खुर्चीत बसून काम करणारे बहुतेक जण दोन-तीन आठवड्यांत रुजू होतात. पण मार्केट यार्डातला हमाल, खांबावर चढणारा लाइनमन, फाउंड्रीतला कामगार, रुग्णाला उचलून कूस बदलवणारी आया यांना हा हिशेब लागू पडत नाही. त्यांची तारीख त्यांच्या कामाचं स्वरूप पाहूनच ठरवावी लागते.

दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेत पोटावर चार-पाच लहान छिद्रं असतात. वरची कातडी आठ-दहा दिवसांत मिटते आणि माणसाला वाटतं, आपण बरे झालो. पण कातडीखालचा, स्नायूंना आवळून धरणारा पडदा घट्ट व्हायला कित्येक आठवडे लागतात. जड वस्तू उचलताना आपण श्वास रोखतो, तेव्हा पोटातला दाब एकदम वाढतो. जागा कच्ची असेल तर तिथून आतडं पुढे येऊन हर्निया होऊ शकतो. म्हणून पहिले चार ते सहा आठवडे साधारण पाच-सात किलोंपेक्षा जास्त उचलू नका, असं सांगितलं जातं. पाण्यानं भरलेली बादलीही त्याहून जड असते. पन्नास किलोंच्या पोत्याचा विचार त्यानंतरच, आणि तोही टप्प्याटप्प्यानं. चालणं मात्र पहिल्या दिवसापासून हवं, कारण पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका त्यानं कमी होतो.

कामावर परतल्यावर पहिली अडचण ओझ्याची येत नाही, पाण्याची येते. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढतात. बायपासमध्ये जठराची जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी उरते. तहान लागली म्हणून तांब्याभर पाणी घटाघटा पिणं आता जमत नाही. दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी घोट-घोटानंच पोटात जायला हवं, आणि जेवल्यावर अर्धा तास थांबून. भट्टीजवळ किंवा मे महिन्याच्या उन्हात घाम गाळणाऱ्याला याहून जास्त लागतं. त्यासाठी बाटली हाताशी हवी आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी घोट घ्यायची मुभा हवी. मुकादमाशी हे आधीच बोलून ठेवावं.

दुसरी अडचण ताकदीची. वजन झपाट्यानं उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि अंगमेहनत करणाऱ्याची खरी पुंजी तीच. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम असतात, त्यावरून अंदाज घ्या. डबा लहान असेल, पण त्यात आधी अंडी, मासे, पनीर, घट्ट डाळ किंवा सोयाबीन आणि मग भाकरी. गोड चहा आणि बिस्किटांवर पाळी काढायची सवय सोडावी लागते. विशेषतः बायपासनंतर साखर आतड्यात भर्रकन उतरते. मग घाम, धडधड आणि गरगरणं सुरू होतं.

हे गरगरणं औषधांमुळेही येतं. वजन घटू लागलं की रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या जुन्या गोळ्यांचा डोस अनेकांना जास्त होतो. शिडीवर, खांबावर किंवा चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्याला एक झोकांडीही महागात पडेल. उंचीवरचं काम सुरू करण्याआधी रक्तदाब उभ्यानं आणि बसून मोजून घ्या, साखर तपासा आणि डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या. तो मनानं कमी-जास्त करू नका.

अंग दुखलं की दुकानातून वेदनाशामक गोळी घेणं हा कष्टकऱ्यांचा रोजचा उपाय. बायपासनंतर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्यांनी पिशवी आणि आतड्याच्या जोडाच्या जागी व्रण होण्याचा धोका असतो. बिडी-सिगारेटनं हाच धोका आणखी वाढतो. दुखण्यावर काय घ्यायचं, ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

रजेचाही विचार आधी करायला हवा. राज्य कामगार विमा योजनेतल्या कामगाराला, वर्गणीच्या अटी पूर्ण असतील तर, प्रमाणित आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के दरानं आजारपण लाभ मिळतो. रोजंदारीवरच्या माणसाला सहसा असा आधार नसतो, आणि तोच सर्वांत लवकर कामाला जुंपला जातो. त्यानं किमान दोन महिन्यांची सोय करूनच शस्त्रक्रियेची तारीख घ्यावी. मालकांनीही पहिले काही आठवडे हलकं काम द्यावं. अनुभवी माणूस कायमचा गमावण्यापेक्षा हे केव्हाही शहाणपणाचं.

ताप, न थांबणाऱ्या उलट्या, विश्रांतीतही न उतरणारी धडधड, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढतं दुखणं, पोटरीला सूज, धाप यांपैकी काहीही दिसलं तर काम तिथंच थांबवून रुग्णालय गाठा.

आणि शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांना तुमचं काम नीट सांगा: किती किलो उचलता, किती तास उभे असता, किती उंचीवर चढता, पाणी प्यायला उसंत मिळते का. नुसतं ‘कंपनीत आहे’ म्हणू नका. हे कळल्याशिवाय कोणताही डॉक्टर तुम्हाला योग्य तारीख देऊ शकत नाही.

(पुढच्या आठवड्यात : आयुष्यभर घ्यायची जीवनसत्त्वं)