गिऱ्हाइकांची नोंद आणि तिची नवी साधने

रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील मोरा बंदरावरून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याकडे लाँच जाते. या वाटेने मासळी, भाजी, तांदूळ व वाल कित्येक वर्षे मुंबईस गेले आहेत. या बंदरावरील कोळीण आपली गिऱ्हाइके कशी सांभाळते, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांस ठाऊक असेल की, कोणत्या घरी सोडे लागतात, कोण जवळा घेते, कोणाकडे सोमवारी मासळी चालत नाही आणि कोणाचे मागील पैसे राहिले आहेत, हे सर्व तिला तोंडपाठ असते. तिचे गिऱ्हाईक सहसा तुटत नाही याचे कारण मालापेक्षाही या स्मरणात आहे. आज ज्यास ग्राहक-संबंध व्यवस्थापनाची संगणक-प्रणाली म्हणतात, ती या स्मरणशक्तीचीच लेखी आवृत्ती होय. एका माणसास चाळीस-पन्नास घरे लक्षात राहतात. दीडशे राहत नाहीत आणि आठ-दहा जणींच्या गटास तर मुळीच राहत नाहीत. यास्तव लेखनाची गरज पडते.

या परिसरातील महिलांच्या एका गटाचा अनुभव मी जवळून पाहिला आहे. गटाचा तांदूळ, कडवे वाल व सुकी मासळी मुंबईतील घरांत थेट जात असे. पावसाळ्याच्या बेगमीचे दिवस होते. मागण्या सर्व एका फोनवर येत आणि तो फोन धक्क्यावर माल चढविताना पाण्यात पडला. माल वाचला, परंतु गिऱ्हाइकांचे क्रमांक, कोणी किती वाल सांगितले होते आणि कोणाकडून किती येणे होते, हे सर्व त्यासोबत बुडाले. बायकांनी आठवून आठवून निम्म्याहून अधिक घरे परत मिळविली. उरलेल्यांनी वाट पाहून दुसरीकडून माल घेतला. येण्यापैकी काही रक्कम आलीच नाही. नुकसानीचा हिशेब मांडताना आम्ही असा विचार केला की, एक घर महिन्यास ६०० रुपयांचा माल घेत असेल, तर वर्षास ते ७,२०० रुपये होतात. अशी २० घरे तुटली तर वर्षाची १,४४,००० रुपयांची विक्री जाते. एवढी विक्री नव्याने उभी करावयास पुष्कळ श्रम पडतात.

त्या गटाने पुढे जे केले ते साधे आहे आणि कोणत्याही शेतकऱ्यास अथवा गटास करता येण्याजोगे आहे.

प्रथम एक तक्ता करावा. गूगल शीट्ससारखा संगणकीय तक्ता विनामूल्य मिळतो, तो फोनवरही चालतो आणि फोन हरवला तरी खात्यात सुरक्षित राहतो. त्यात नाव, फोन क्रमांक, माल कोठे पोचवावयाचा ते ठिकाण, मागील खरेदीची तारीख, काय घेतले, किती येणे आहे आणि गिऱ्हाइकाची आवड-निवड एवढे रकाने पुरेत. आरंभीच वीस रकाने आखणारा मनुष्य पंधरा दिवसांत ते भरण्याचे सोडून देतो, असा माझा अनुभव आहे.

येथे काही बारकावे ध्यानात ठेवावेत. उरण तालुक्यात म्हात्रे, ठाकूर, पाटील, घरत व कोळी ही आडनावे घरोघरी आहेत आणि त्यांचे आप्त मुंबईतही आहेत. केवळ नावावरून नोंद शोधल्यास एकाची उधारी दुसऱ्याच्या नावावर चढते. म्हणून गिऱ्हाइकाची खरी ओळख फोन क्रमांक ही मानावी आणि एका क्रमांकाची एकच ओळ ठेवावी. क्रमांकाचा रकाना ‘मजकूर’ या प्रकारचा करावा. तसे न केल्यास तक्ता त्यास संख्या समजतो आणि आरंभीचे शून्य अथवा अधिक चिन्ह गाळून टाकतो. तारखेचेही तसेच आहे. काही तक्ते महिना आधी व दिवस नंतर धरतात, त्यामुळे ५ एप्रिलची नोंद ४ मे अशी वाचली जाण्याचा संभव असतो. नावे देवनागरीत लिहावीत की रोमन लिपीत, हे एकदाच ठरवावे. अर्धी या लिपीत व अर्धी त्या लिपीत असल्यास शोध घेताना निम्मी गिऱ्हाइके सापडतच नाहीत.

आता रोजच्या बोलण्याकडे वळू. व्हॉट्सअॅप बिझनेस हे विनामूल्य साधन २०१८ साली आपल्या देशात आले. नेहमीच्या व्हॉट्सअॅपपेक्षा त्यात विक्रेत्याच्या उपयोगाच्या काही गोष्टी अधिक आहेत. त्यांपैकी सर्वांत उपयुक्त म्हणजे ‘लेबल’. प्रत्येक संभाषणास रंगीत चिठ्ठी लावता येते : नवे गिऱ्हाईक, नवी मागणी, येणे बाकी, मागणी पूर्ण. संध्याकाळी ‘येणे बाकी’ ही चिठ्ठी उघडली की उधारीची सर्व घरे एकत्र दिसतात. मात्र पैसे आल्यावर ती चिठ्ठी त्याच क्षणी काढावी. पैसे दिलेल्या घरी पुन्हा तगादा गेला तर ते गिऱ्हाईक दुखावते आणि त्याची समजूत घालणे कठीण जाते.

दुसरी सोय ‘कॅटलॉग’ची. मालाचे चित्र, वजन व भाव एकदा मांडून ठेवले म्हणजे प्रत्येकास निराळे लिहावे लागत नाही. भाव बदलला की तोही बदलावा. जुन्या भावाची पाटी तशीच ठेवल्यास वाद होतो. तिसरी सोय तयार उत्तरांची. तिरकी रेघ टंकून ठरविलेला छोटा शब्द लिहिला की पूर्ण उत्तर पुढे येते. ‘वाल कडवे आहेत की गोडे?’ हा प्रश्न हंगामात शंभरदा येतो, त्याचे उत्तर शंभरदा लिहिण्याचे कारण नाही. नव्या अथवा चौदा दिवस न बोललेल्या गिऱ्हाइकाने संदेश पाठविला असता आपोआप जाणारा स्वागताचा संदेश, आणि आपण कामात असताना जाणारा अनुपस्थितीचा संदेश, हेही लावून ठेवता येतात.

या अनुपस्थितीच्या संदेशाचा मोरा बंदरावर एक विशेष उपयोग आहे. येथील गाळामुळे ओहोटीच्या वेळी लाँच धक्क्यास लागण्यास अडचण येते. उधाणाच्या दिवसांत ओहोटीही खोल जात असल्याने ही अडचण वाढते, भांगाच्या दिवसांत ती कमी असते. पलीकडच्या धक्क्यावर पिशवी घेऊन उभे राहिलेल्या गिऱ्हाइकास हे कसे समजणार? म्हणून त्या गटाने तक्त्यात ‘कोणत्या लाँचने’ असा एक रकाना वाढविला आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस आधीच पाहून ‘उद्या ओहोटीमुळे लाँच उशिरा सुटण्याचा संभव आहे, माल दुपारी मिळेल’ असा संदेश आदल्या सायंकाळी पाठविण्याचा प्रघात पाडला. तक्रारी यानेच सर्वांत अधिक घटल्या. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि त्याच दिवशी लोहमार्गही उरणपर्यंत पोचला. त्यामुळे काही माल आता त्या वाटांनी जाऊ शकतो, परंतु कोणते घर कोणत्या वाटेवर सोयीचे पडते, हे नोंदीवरूनच कळते.

एकच संदेश अनेकांस पाठवावयाचा असल्यास गट न बनविता प्रसारण-यादी वापरावी. साध्या गटात प्रत्येकास इतरांचे क्रमांक दिसतात, आणि गिऱ्हाइकाने आपला क्रमांक आपणांस दिलेला असतो, परक्या शंभर लोकांस नव्हे. साध्या प्रसारण-यादीतील संदेश ज्यांनी आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये साठविला आहे त्यांनाच पोचतो. म्हणून पहिल्या विक्रीच्या वेळीच ‘आमचा क्रमांक नावासह ठेवा’ असे सांगावे. रोज सुप्रभात पाठविणाऱ्या विक्रेत्यास लोक अडवितात, आणि पुष्कळांनी अडविल्यास खातेच बंद होण्याचा धोका असतो. माल आला, भाव बदलला अथवा लाँच चुकली, एवढ्याच निमित्ताने लिहावे.

याहून मोठ्या प्रणाली उत्पादक कंपन्यांसाठी आहेत. अमेरिकेतील सेल्सफोर्स ही संस्था १९९९ साली निघाली. आपल्या देशातील झोहो या संस्थेने २००५ साली आपली प्रणाली आणली आणि लहान धंद्यांसाठी ‘बिगिन’ नावाची सोपी प्रणाली २०२० साली काढली. यांत प्रत्येक मागणी चौकशी, नमुना, ठरलेला भाव, पाठवणी व वसुली अशा टप्प्यांतून सरकताना दिसते, आणि एखादी मागणी एकाच टप्प्यावर अडकली तर प्रणाली आठवण करून देते. अलीकडे यांत कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्यही आले आहे : लांबलचक संभाषणाचा सारांश करणे, उत्तराचा मसुदा लिहून देणे वगैरे. मसुदा पाठविण्यापूर्वी वाचावा. यंत्रास आपल्या कोठारात वाल किती शिल्लक आहेत हे सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि ते आत्मविश्वासाने चुकीचा भावही लिहून देते. पन्नास-शंभर घरांच्या विक्रीस अशा प्रणालीची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. चांगला भरलेला तक्ता हा अर्धवट भरलेल्या महागड्या प्रणालीपेक्षा केव्हाही श्रेयस्कर.

सुरक्षिततेबद्दल थोडे. गटाच्या कामासाठी निराळे सिमकार्ड घ्यावे, म्हणजे एखादी सभासद गट सोडून गेली तरी क्रमांक गटाकडेच राहतो. ते वेळच्या वेळी रिचार्ज करावे. बंद पडलेला क्रमांक काही काळानंतर दुसऱ्यास दिला जातो. दुहेरी पडताळणीचा सहा आकडी संकेतांक लावावा आणि फोनवर आलेला ओटीपी कोणासही सांगू नये, तो मागणारा स्वतःस अधिकारी म्हणवीत असला तरीही. संभाषणांची प्रत गूगलच्या खात्यात ठेवण्याची सोय चालू करावी. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी आपल्या देशात २०२३ साली कायदा झाला आहे. त्याचे मूळ तत्त्व संमतीचे आहे. गिऱ्हाइकास विचारून त्याची नोंद ठेवावी, ‘माझे नाव काढा’ असे कोणी म्हटल्यास काढावे आणि यादी दुसऱ्या व्यापाऱ्यास देऊ नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हाच तक्ता स्वतःसाठीही करून पाहावा. त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी. कोणी केव्हा काय विचारले, काय सांगितले आणि पुन्हा केव्हा भेटावयाचे, एवढे रकाने पुरतात. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीसाठी ‘पनवेल–३’ हा भाताचा वाण दिला आहे. बियाणे उपलब्ध झाल्याची बातमी आली की, गतवर्षी कोणाकोणाच्या खाचरात खारे पाणी शिरले होते, ते तक्त्यातून चाळून काढून त्यांस प्रथम कळविता येते. बांध फुटल्याची नोंद त्या दिवशीच केली असेल तरच हे साधते. म्हणून नोंद शेताच्या बांधावर उभे असतानाच करावी, घरी गेल्यावर करू असे म्हणू नये. फोनला रेंज नसल्यास खिशातल्या वहीत लिहावे आणि त्याच रात्री तक्त्यात उतरवावे.