योंगब्यॉनची भट्टी

उत्तर कोरियात, राजधानी प्याँगयांगपासून उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर, कुर्योंग नदीच्या वळणावर योंगब्यॉनचं अणुकेंद्र आहे. तिथली मुख्य अणुभट्टी अवघी पाच मेगावॉटची. पण १९८६ मध्ये ती पेटवली तेव्हा वीज हा मुद्दाच नव्हता.

तिचा आराखडा ब्रिटनच्या काल्डर हॉलच्या धर्तीवरचा. इंधन नैसर्गिक युरेनियमचं, मंदक ग्रॅफाइटचा, थंड करायला कार्बन डायऑक्साइड. युरेनियम आणि ग्रॅफाइट देशातच मिळतात, त्यामुळे कुणापुढे हात पसरायला नको. आत सुमारे आठ हजार इंधनकांड्या. वापरून झालेल्या कांड्यांतून शेजारच्या कारखान्यात प्लुटोनियम काढतात, वर्षाकाठी साधारण सहा किलो. एका बॉम्बला तेवढं पुरतं.

जानेवारी २००४ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ सिगफ्रीड हेकर यांच्यासमोर तिथल्या अधिकाऱ्यांनी एक पेटी उघडली. आत काचेची बरणी, बरणीत दोनशे ग्रॅम प्लुटोनियम. हेकरनी ती हातमोजे घालून उचलली: चांगलीच जड आणि किंचित कोमट. जगाला जे कळवायचं होतं ते त्या बरणीने कळवलं. २००६ च्या ऑक्टोबरात पुंग्ये-री इथे पहिली अणुचाचणी झाली.

किम घराण्याने ही भट्टी बॉम्बसाठी वापरली, तशीच सौद्यासाठीही. अमेरिकेशी झालेल्या १९९४ च्या करारात ती बंद ठेवण्याच्या बदल्यात वर्षाला पाच लाख टन इंधन तेल ठरलं. २००२ मध्ये करार मोडला, पुढच्या जानेवारीत देश अण्वस्त्रप्रसारबंदी करारातून बाहेर पडला. पुढे नव्या सौद्यात, २००८ मध्ये, कॅमेऱ्यांसमोर भट्टीचा शीतकरण मनोरा सुरुंगाने उडवला. २०१३ मध्ये भट्टी पुन्हा चालू झाली, मनोऱ्याशिवाय, नदीचं पाणी पंपाने आणून. त्याआधी, २०१० मध्ये, हेकरना त्याच आवारात युरेनियम समृद्ध करणारे सुमारे दोन हजार सेंट्रिफ्यूज दाखवण्यात आले होते. म्हणजे बॉम्बकडे जाणारी दुसरी वाट तयार होती.

सद्दाम आणि गद्दाफी यांनी अण्वस्त्रांचा नाद सोडला आणि त्यांचा शेवट झाला, असा दाखला २०१६ मध्ये सरकारी वृत्तसंस्थेने दिला. वारशाने सत्ता मिळालेल्या, स्वतःच्याच जनतेला जगापासून तोडणाऱ्या राजवटीला हा धडा मनोमन पटलेला आहे. म्हणूनच २०१९ मध्ये हनोईत अमेरिकेशी बोलणी करताना किम जोंग उन यांनी निर्बंध उठवण्याच्या बदल्यात योंगब्यॉन देऊ केलं, तयार बॉम्ब नव्हेत. बोलणी फिसकटली. २०२२ च्या कायद्याने तर अण्वस्त्रांवर वाटाघाटीचं दारच लावून घेतलं. भट्टी विकायला काढता येते, कारण ती गेली तरी बॉम्ब घरातच राहतात.