डिझेल आणि बाटलीतले औषध

डिझेल एंजिनात ठिणगी नसते. दट्ट्याच्या दाबाने सिलिंडरमधील हवा तापते आणि तीत सोडलेला इंधनाचा फवारा आपोआप पेटतो. तो किती तत्परतेने पेटतो, हे सीटेन अंकावरून कळते. १ एप्रिल २०२० पासून भारतभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकानुसार हा अंक किमान ५१ असावा लागतो; आणि गंधक दहा लाख भागांत १० भागांहून अधिक चालत नाही. त्यापूर्वीची मर्यादा ५० भागांची होती.

गंधक काढताना इंधनातील स्वाभाविक वंगणगुणही घटतो. ही उणीव भरून काढणारे पूरक द्रव्य विक्रीपूर्वीच त्यात मिसळतात. मग अशा डिझेलमध्ये वरून आणखी एक बाटली ओतून काय साधणार? सीटेन अंक वाढविणारे द्रव्य हलक्या इंधनास उपकारक ठरते. उत्तम इंधनात त्याचा लाभ अल्पच. इंजेक्टरवरील काजळीचा थर काही द्रव्ये कमी करतात, हे खरे. परंतु झिजलेला भाग कोणतेही द्रव्य भरून काढीत नाही.

खरा शत्रू निराळाच आहे. अर्धवट भरलेल्या पिंपात दमट हवेतील बाष्पाचे पाणी होते व ते तळाशी साचते. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजंतू वाढतात. त्यांचा चिकट गाळ गाळणी तुंबवितो. ऐन पेरणीत ट्रॅक्टर अडला, तर बाटलीवर खर्चलेला पैसा कामी येत नाही. म्हणून पिंप भरलेले व झाकलेले ठेवावे, तळचे पाणी वेळोवेळी काढावे आणि गाळणी वेळेवर बदलावी. हेच स्वस्त आणि खात्रीचे औषध होय.