शेताचा झोन बदलण्याआधी आपण काय लिहावे?

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी नव्यासाठी कणसे आणायला आता दूर जावे लागते, असे मंडळात कोणी ना कोणी दरवर्षी म्हणतेच. शेत एका रात्रीत जात नाही. आधी कागदावर झोन बदलतो, मग भूरूपांतराची सनद होते, मग मातीचे ट्रक येतात. आपल्याला जाग येते ती ट्रक आल्यावर. बोलायची वेळ त्याआधीची असते.

गोव्यात लोकांनी आवाज उठवल्याने फरक पडला आहे. प्रादेशिक आराखडा 2011 जनआंदोलनामुळे जानेवारी 2007 मध्ये सरकारला मागे घ्यावा लागला. पुढे आराखडा 2021 करताना नकाशे पंचायतींकडे पाठवून गावांची मते मागवली गेली. त्यात भातशेती आणि खाजने इको-1 या अधिक संरक्षित गटात आली, बागायती व मिठागरे इको-2 मध्ये. पण नकाशात रंग भरला म्हणजे शेत वाचले, असे नव्हे. 1974 च्या नगर नियोजन कायद्यात 2024 मध्ये कलम 39अ घातले गेले आणि झोन बदलाच्या प्रस्तावावर सूचना-हरकतींसाठी 30 दिवस ठेवले गेले. जाहीर सूचनेत सर्व्हे क्रमांक असतात. गावाचे नाव दिसले तरी आपल्या वाड्याचे शेत कोणते, हे त्यावरून कळत नाही. म्हणून घरच्या फॉर्म 1 व 14 वरून आपल्या आणि शेजारच्या शेतांचे क्रमांक आजच वहीत उतरवून ठेवा.

हरकतीत नुसते 'आमचा विरोध आहे' लिहून भागत नाही. कार्यालयातल्या नकाशावर जे दिसत नाही, ते लिहावे. खाजनाचेच घ्या. ही जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली असते. बांध खारे पाणी अडवतो. मानशीचे दार भरतीला मिटते आणि ओहोटीला उघडून आतले पावसाचे पाणी खाडीत सोडते. मधले एक शेत मातीने भरले, की त्यात मावणारे पाणी शेजारच्या कुणग्यात आणि पुढे घरांत शिरते. पाणी कुठून येते, कुठे तुंबते, कोणत्या विहिरी उन्हाळ्यात त्यावर टिकतात, हे आपल्या आजी-आजोबांना तोंडपाठ असते. तेच सर्व्हे क्रमांकासह, फोटो जोडून लिहा. अर्जाची एक प्रत आवक शिक्का मारून घ्या. शिक्का नसेल तर अर्ज दिल्याचा पुरावा राहत नाही.

एक गोष्ट स्पष्टच सांगतो. प्रत्येक बांधकामाला नाही म्हणणेही बरोबर नव्हे. आपल्याच मुलांना गावात घर बांधायला जागा मिळत नाही आणि ती शहराकडे निघून जातात. म्हणून घरे कुठे चालतील, हेही लिहावे: रस्त्यालगतची उंच जागा, जुन्या वस्तीतली पडीक घरे. अशी पर्यायी जागा सुचवणारा अर्ज आम्हाला नुसत्या विरोधापेक्षा वजनदार वाटतो. ग्रामसभेतही हेच मांडून ठराव इतिवृत्तात नोंदला गेला का, ते पाहावे.

अर्जाचा मराठी नमुना आम्ही मंडळाच्या वाचनालयात ठेवला आहे. ज्येष्ठ सभासदांनी फक्त आठवणी सांगाव्यात, लिहून घ्यायला आमची मुले बसतील. येताना घरातला जुना सर्व्हे नकाशा असेल तर तो आणावा.