गांवांतील लपलेला क्षय : पीकपाहणीप्रमाणें रुग्णपाहणी

नागांव, चौल, आक्षी या किनाऱ्यावरील गांवांत नारळ-सुपारीच्या वाड्या राखणाऱ्या वाचकांस सोंड्या भुंग्याची ओळख करून देण्याची गरज नाहीं. हा किडा माडाच्या बुंध्यांत शिरून आंतला गाभा पोखरीत असतो. बाहेरून झाड हिरवें दिसतें, फळहि धरतें. आणि ज्या दिवशीं शेंडा कलतो, त्या दिवशीं उपायाची वेळ निघून गेलेली असते. म्हणून जाणता वाडीवाला शेंडा कलण्याची वाट पाहत नाहीं. तो झाडाझाडाशीं जाऊन बुंध्यास कान लावतो, भोंकांतून गळणारा तांबूस चीक पाहतो, आणि लागलेलें झाड वेळींच हेरतो. क्षयरोगाचें वर्तन मनुष्याच्या शरीरांत बहुतांशीं असेंच आहे. त्याचा शोध गांवानें गांवांतच कसा घ्यावा, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथें करावयाचा आहे. शेतकीच्या मासिकांत रोगाचा विषय कशाला, असें कोणी म्हणेल, तर त्यास उत्तर सोपें आहे. शेत कसणारें माणूसच खंगलें, म्हणजे उत्तम बीं, उत्तम खत व बारमाही विहीर यांचा कांहीं एक उपयोग होत नाहीं.

रोगाचें मूळ

सन १८८२ च्या मार्च महिन्याच्या २४ तारखेस जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉख यांनीं क्षयाचे जंतु शोधून काढल्याचें जाहीर केलें. तेव्हांपासून हा रोग घराण्याचा शाप नसून संसर्गाचा आहे, हें निर्विवाद ठरलें. फुप्फुसाचा क्षय झालेला मनुष्य खोकतो किंवा शिंकतो, त्या वेळीं हे जंतु हवेंत उडतात व कोंदट खोलींत बराच वेळ तरंगत राहतात. ताटवाटीनें किंवा वस्त्रांनीं तो लागत नाहीं. उपचार न झालेला असा एक रोगी वर्षभरांत दहा ते पंधरा माणसांस संसर्ग देऊं शकतो, असा तज्ज्ञांचा अजमास आहे. संसर्ग झालेल्या सर्वांसच रोग होतो असें नाहीं. परंतु ज्यांस पोटभर सकस अन्न नाहीं, ज्यांस मधुमेह आहे, किंवा जे तंबाखू व दारू यांच्या आहारीं गेले आहेत, त्यांस तो लवकर गांठतो. उलटपक्षीं, योग्य औषध सुरू झालें म्हणजे थोडक्याच आठवड्यांत रोग्यापासून दुसऱ्यास असलेलें भय बहुतेक नाहींसें होतें. तात्पर्य, रोगी सांपडण्यास जितका विलंब, तितका प्रसार अधिक.

चावडींत बसून केलेली पाहणी

आमचें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें, सबब आम्हांस दाखला सुचतो तोहि त्याच खात्यांतला. पीकपाहणी बांधावर जाऊन करावी असा दंडक होता. पण पुष्कळदां ती चावडींत बसून, मागील सालच्या नोंदीवरून उतरली जात असे. मग कागदावर भात आणि शेतांत तण, असा प्रकार होई. दवाखान्याच्या दारीं जो येईल त्यासच तपासावयाचें, ही रोगाच्या बाबतींतील चावडींतली पाहणी होय. देशांत क्षयनिवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सन १९६२ पासून आहे, व तपासणी आणि औषधें सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात. असें असतां रोग हटत कां नाहीं?

सन २०१९ ते २०२१ या काळांत देशभर लोकांमध्यें जाऊन जी क्षयाची पाहणी झाली, तिच्यांत याचें उत्तर आहे. पंधरा वर्षें व त्यावरील वयाच्या दर लाख लोकांत, जंतूंचा पुरावा मिळालेले फुप्फुसक्षयाचे ३१६ रोगी आढळले. क्षयाचीं लक्षणें असलेल्यांपैकीं शेंकडा ६४ लोक कोणत्याहि दवाखान्यांत गेलेले नव्हते. कां गेलां नाहीं असें विचारतां, त्यांतील शेंकडा ६८ जणांनीं लक्षणांकडे दुर्लक्ष केल्याचें सांगितलें. शेंकडा १८ जणांस तीं ओळखतांच आलीं नाहींत. १२ जणांनीं आपलें आपणच औषध घेतलें. आणि खर्च झेपत नाहीं म्हणणारे शेंकडा दोनच निघाले. त्याहून विचार करण्याजोगी गोष्ट पुढेंच आहे. सांपडलेल्या रोग्यांपैकीं शेंकडा ४२ हून अधिक रोगी, छातीचें क्ष-किरण चित्र घेतलें नसतें तर, निसटले असते. कारण विचारलेल्या लक्षणांपैकीं एकहि त्यांच्यांत नव्हतें. गाभा पोखरलेला, पण शेंडा हिरवा, तो हा असा.

दोष केवळ रोग्याचाच आहे असें मात्र म्हणतां येत नाहीं. कर्नाटकांतील तुमकूर जिल्ह्यांत केलेल्या व सन १९६३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं, निम्म्याहून अधिक रोगी आपण होऊन दवाखान्यांत गेले होते, आणि बहुतेक जण खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परतले होते. आमच्याच पाहण्यांतील एक वाडीवरचा गडी शिमग्यापासून आषाढापर्यंत खोकत होता. मालक म्हणे, विडी सोड. औषधवाला म्हणे, सर्दी आहे. थुंकी तपासा असें कोणीच म्हटलें नाहीं. अखेर रोग उघड झाला, तेव्हां त्याच्या लहान मुलासहि तो लागलेला होता.

इतरत्र आलेला अनुभव

व्हिएटनाम देशाच्या का माउ प्रांतांत कांहीं वस्त्यांतील प्रत्येक प्रौढाची, लक्षण असो वा नसो, घरोघर जाऊन दरसाल याप्रमाणें तीन वर्षें तपासणी केली. चौथ्या वर्षीं तेथें दर लाखीं १२६ रोगी आढळले, तर जेथें अशी तपासणी केली नव्हती तेथें २२६. हा निष्कर्ष सन २०१९ मध्यें प्रसिद्ध झाला. याच्या उलट, झांबिया व दक्षिण आफ्रिका येथें, लोकांत जागृति करून त्यांस थुंकी देण्याची सोय जवळ करून दिली, एवढ्यानें रोगाचें प्रमाण घटल्याचें दिसलें नाहीं. म्हणजे दवंडी पिटून भागत नाहीं. दारोदार जावें लागतें, आणि पुनः पुनः जावें लागतें.

दारोदार जाणारें माणूस गांवचेंच असावें, हा धडा आपल्या महाराष्ट्रांतच मिळाला आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं सन १९७० मध्यें जामखेड येथें काम सुरू केलें आणि गांवांतल्याच, बहुधा निरक्षर अशा स्त्रियांस आरोग्यसेविका केलें. क्षय व कुष्ठ यांचे रोगी हेरून त्यांस नियमानें औषध घेण्यास लावणें हें त्यांच्या कामांत होतें. परक्या अंमलदारासमोर झांकलें जातें, तें शेजारणीपुढें उघडें होतें. आजची आशाताई याच वाटेनें चालणारी आहे.

गांवानें काय करावें

सन २०२१ पासून पीकपाहणीची नोंद खातेदारानें स्वतः मोबाइलवरून करावयाची झाली. रुग्णपाहणीचाहि भार गांवानें तसाच आपल्याकडे घ्यावा, असें आम्ही सुचवितों.

पहिलें काम घरयादीचें. मतदारयादी किंवा शिधापत्रिका यांवर विसंबूं नये, कारण ज्यांच्यांत रोग लपतो तींच माणसें त्यांतून गळतात : वाड्यांवर राहणारे परगांवचे गडी, पर्यटकांच्या घरांतील नोकर, आणि वीटभट्ट्यांवर जाऊन पावसाळ्याच्या तोंडीं परतणारीं कातकरी कुटुंबें. या शेवटच्यांची पाहणी तीं घरीं असतील त्या दिवसांत झाली पाहिजे. तीं परगांवीं असतां भरलेला तक्ता खोटा होय.

दुसरें काम प्रश्नांचें. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीं घाम, वजन उतरणें, थुंकींतून रक्त, यांपैकीं कांहीं आहे काय, हें प्रत्येकास विचारावें. साठीवरील, मधुमेही, अति कृश, व्यसनी, पूर्वीं क्षय होऊन गेलेले व रोग्याच्या घरांतले, यांचें लक्षण नसलें तरी क्ष-किरण चित्र घ्यावें. डिसेंबर २०२४ मध्यें सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेंत हातांत नेण्याजोगीं क्ष-किरण यंत्रें वापरण्यांत आलीं. तशा यंत्राची फेरी गांवीं यावी म्हणून ग्रामपंचायतीनें अलिबागच्या आरोग्य खात्याकडे लेखी मागणी करावी.

तिसरें काम थुंकीचें. सकाळीं उठतांच चूळ भरून, उघड्यावर उभें राहून, छातींतून खोल खांकरून काढलेला बेडका द्यावा. नुसती लाळ उपयोगाची नाहीं. गोव्यांत तयार होणारें ट्रूनॅट यंत्र जंतु आहेत कीं नाहींत, व एक मुख्य औषध त्यांस लागू पडेल कीं नाहीं, हें कांहीं तासांतच सांगतें.

चौथें काम, आणि तें आमच्या वाचकांचें स्वतःचें. रोगी रोग लपवितो तो मुख्यतः दोन भयांनीं : रोजगार जाईल, आणि मुलीचें लग्न मोडेल. सबब रोग्याचें नांव आशाताई व डॉक्टर यांजपलीकडे जाऊं देऊं नये. आणि ज्याच्या वाडींत गडी आजारी पडेल त्यानें, बरा झाल्यावर तुझें काम तुलाच, असें आधींच सांगावें. साधारण रोग्यास सहा महिने औषध घ्यावें लागतें. त्या काळांत सरकार दरमहा पोषणासाठीं रक्कम देतें. नोव्हेंबर २०२४ पासून ती ५०० ची १००० रुपये झाली. अन्नाचें महत्त्व किती, तें झारखंडांतील प्रयोगानें दाखविलें. रोग्याच्या घरांतील माणसांस दरमहा माणशीं पांच किलो तांदूळ व दीड किलो डाळ दिली, तेथें घरच्यांस क्षय होण्याचें प्रमाण शेंकडा ३९ नें घटलें. हें सन २०२३ मध्यें प्रसिद्ध झालें. इतकें धान्य तर आपल्या कणग्यांतून सहज निघेल.

एक इशारा

सन २०२३ पासून क्षयमुक्त ग्रामपंचायतींस सरकार महात्मा गांधींची प्रतिमा देऊन गौरवितें. त्यासाठीं दर हजार लोकवस्तीमागें निदान ३० जणांची तपासणी व हजारीं एकाहून अधिक रोगी नसणें, अशा कांहीं अटी आहेत. दप्तरांत हयात घालविल्यामुळें आम्हांस ठाऊक आहे कीं, कोरा रकाना भरण्यास सर्वांत सोपा असतो. न शोधल्यामुळें आलेलें शून्य हा गौरव नव्हे. गांव मनापासून शोधूं लागलें, तर पहिल्या वर्षीं रोग्यांची संख्या वाढलेलीच दिसेल. तिनें कोणी लाजूं नये, आणि सरपंचास कोणी दूषण देऊं नये. भात झोडल्यावर रासच मोजावी लागते. अंदाजानें कणगी भरत नाहीं.

भातकापणी उरकली म्हणजे गांवास थोडी उसंत मिळते. त्या दिवसांत प्रत्येक वाचकानें आपल्या आळींतील दहा घरांची जबाबदारी पत्करावी, अशी आमची विनंति आहे.