त्रिकोण सरकवला, म्हणजे सिद्धता झाली का?

बाकोबा, कोबाको, बाबाबा, कर्णभुजा. एकरूपता म्हटली की शाळेतल्या या कसोट्या आठवतात, आणि कसोट्या म्हणजेच एकरूपता असा समज पक्का होतो. खरे तर एक आकृती सरकवून, फिरवून किंवा उलटवून दुसरीवर तंतोतंत बसली की त्या एकरूप. कसोट्या त्यातूनच निघतात.

‘सरकवणे ही काय सिद्धता?’ हा आक्षेप जुना आहे. यूक्लिडने ‘एलिमेंट्स’च्या पहिल्या ग्रंथातल्या चौथ्या प्रमेयात त्रिकोण त्रिकोणावर ठेवला. त्यावर पुष्कळ टीका झाली. गणितज्ञ हिल्बर्टने 1899 मध्ये बाकोबाचा गाभा थेट गृहीतक म्हणूनच स्वीकारला. मात्र या हालचालींत अंतरे आणि कोन बदलत नाहीत हे आधी मान्य केले, तर सिद्धतेत काहीच ढिले राहत नाही.

त्रिकोण अबक आणि पफम घ्या. अब = पफ, अक = पम, कोन अ = कोन प. पहिला त्रिकोण असा सरकवा की बिंदू अ हा प वर येईल. मग प भोवती फिरवून अब हा किरण पफ वर आणा. लांबी सारखीच, म्हणून ब बरोबर फ वर. क पलीकडच्या अंगाला पडला, तर पफ रेषेत परावर्तन करा. कोन समान, म्हणून अक आता पम वरच पडणार. लांबी समान, म्हणून क हा म वर. झाली बाकोबा सिद्ध! आरशातली प्रतिमा उलटी असली तरी एकरूपच असते, हेही इथेच कळते.

समरूपतेत तर घोटाळा मोठा. या हालचालींना सगळीकडे सारख्याच पटीने लहानमोठे करण्याची जोड दिली, आणि आकृती दुसरीवर बसली, की त्या समरूप. ‘संगत कोन समान, म्हणजे समरूप’ हे त्रिकोणापुरते खरे. चौरस आणि लांबट आयत यांचे सगळे कोन काटकोन, तरी ते समरूप नाहीत. उलट य = क्ष² आणि य = 2क्ष² हे परवलय वेगळ्या आकाराचे वाटतात, दुसरा निमुळता दिसतो. पण पहिल्यावरचा प्रत्येक बिंदू आरंभबिंदूपासून निम्म्या अंतरावर आणा. (3, 9) चा होतो (1.5, 4.5), आणि 1.5 च्या वर्गाची दुप्पट 4.5 च. प्रत्येक बिंदूचे असेच होते. सगळे परवलय एकमेकांशी समरूप असतात, आणि हे त्रिकोणाच्या कसोट्यांना दाखवता येत नाही.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, उत्तरात ‘हलवले की बसते’ एवढ्यावर थांबू नका. कोणत्या बिंदूभोवती, किती अंशांनी, कोणत्या रेषेत, किती पटीने, हे लिहा.