भिंतींनाही कान नसलेली खोली

मी रेकॉर्डिंग स्टुडिओंचं ध्वनिरोधन करतो. काल एका गायिकेने विचारलं, "याहून कडक खोली असते का हो?"

असते! अमेरिकेतली 'स्किफ'. अतिगोपनीय सरकारी कागद तिथेच बसून वाचायचे. मोबाइल, स्मार्टवॉच दाराबाहेर.

मला सगळ्यात भावतं ते हवेच्या डक्टचं काम. तोंड ९६ चौरस इंचांहून मोठं असेल तर सहसा पोलादी गज बसवतात, माणूस शिरू नये म्हणून. आवाजही डक्टमधूनच निसटतो, त्यामुळे गरज पडल्यास तिथे मुद्दाम कृत्रिम गोंगाट सोडतात. नुसत्या जाड भिंतीने भागत नाही!

११ सप्टेंबरच्या हल्ल्यांच्या संसदीय चौकशी अहवालातली गुप्त '२८ पानं' अमेरिकी खासदार अशाच खोलीत वाचत. २०१६ मध्ये ती खुली झाली, तीही काही मजकूर झाकून.